बेसमेंट घेताना, बांधताना आणि वापरताना काय काय बघायचं

बिल्डिंगचा जो मजला पूर्ण किंवा बराचसा जमिनीच्या खाली असतो त्याला बेसमेंट म्हणायचं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा वापर काय करायचा हे विचारायला जेव्हा लोक येतात तेव्हा मी पहिलं विचारते की नेमकं कसलं बेसमेंट आहे, कारण वेगवेगळ्या जागांना सरसकट एकच नाव दिलं जातं. एक असतं पूर्ण मातीत गेलेलं, चारही बाजूंनी भिंत आणि भिंतीमागे माती, वरून जिना किंवा रॅम्प. एक अर्धं वर अर्धं खाली, त्याला छताजवळ छोट्या खिडक्या असतात आणि थोडाफार उजेड येतो. आणि एक उतारावरच्या प्लॉटवरचं, मागच्या बाजूला माती पण पुढून सरळ दार उघडून बाहेर पडता येतं. हे तिसरं मिळालं तर नशीब समजा, कारण पाणी पण आपलं आपण बाहेर जातं आणि माणूस पण. खांबांवर उभ्या केलेल्या बिल्डिंगखालचं पार्किंग, म्हणजे स्टिल्ट, ते बेसमेंट नाही, ते जमिनीच्याच लेव्हलला असतं.

आता जिम करू का, ऑफिस करू का, सामान ठेवू का हे सगळं नंतर. आधी तीन गोष्टींची उत्तरं पाहिजेत: पाणी कुठून येऊ शकतं, हवा कशी बदलते, आणि आत असलेला माणूस बाहेर कसा पडणार. या तिन्हींची उत्तरं जशी असतील तसा वापर आपोआप ठरतो. बहुतेक जण उलटं करतात, आधी इंटिरियर ठरवतात आणि मग पहिल्या मोठ्या पावसात धावपळ.

मुळात खाली खोदायचंच कशाला

जागा कमी असते हे एक कारण झालंच, गाड्या, पाण्याच्या टाक्या, पंप, इलेक्ट्रिक पॅनल हे सगळं वरच्या मजल्यांवर परवडत नाही. पण अजून दोन कारणं आहेत जी फारशी कोणी सांगत नाही. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे जमिनीतलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि वरचा पाया उचलतं, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. मग एवढं खोदलंच आहे तर अजून थोडं खोदून अख्खा मजला काढणं स्वस्त पडतं. म्हणूनच थंड देशांत साध्या घरांनाही बेसमेंट असतं.

दुसरं कारण मला स्वतःला फार आवडतं. एक घनमीटर मातीचं वजन साधारण १.८ टन धरतात. ३ मीटर खोल खोदलं की प्रत्येक चौरस मीटरवरून पाच-साडेपाच टन वजन उचललं गेलं. काँक्रीटच्या बिल्डिंगचा एक मजला साधारण चौरस मीटरला एक ते दीड टन भार टाकतो. म्हणजे जवळपास चार मजल्यांचं वजन तर त्या जमिनीने आधीच पेललेलं होतं, मातीच्या रूपात! त्यामुळे मऊ जमिनीवर मोठी बिल्डिंग उभी करायची असेल तर बेसमेंट दिल्याने बिल्डिंग कमी खचते, इंजिनिअर लोक हे मुद्दाम हिशोब करून करतात.

पाणी

इथे जरा सविस्तर लिहिते कारण बेसमेंटच्या दहातल्या नऊ तक्रारी इथेच येऊन थांबतात.

पाणी दोन प्रकारे येतं. वरून येणारं, म्हणजे पावसाचं, छपराचं, रस्त्याचं. आणि खालून-बाजूने येणारं, म्हणजे जमिनीतलं. लोकांना वाटतं की भिंत ओली म्हणजे जमिनीतूनच पाणी येतंय आणि मग आतून केमिकल लावायला माणूस बोलावतात. कितीतरी वेळा खरा प्रॉब्लेम वर असतो, छपराच्या पाइपचं तोंड भिंतीला चिकटून उघडं सोडलेलं असतं. हिशोब करा, १०० चौरस मीटरचं छप्पर असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५०० लिटर पाणी खाली आलं, आणि ते सगळं तुम्ही बेसमेंटच्या भिंतीच्या मुळाशी ओतताय आणि आत रंग बदलताय, म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. त्यामुळे पहिला खर्च वर करा. पाइप लांब न्या, भिंतीपासून पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या, भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे असतील आणि ते रोज भिजवत असाल तर ते हलवा. एवढं करून एक पाऊस जाऊ द्या आणि मग बघा. बऱ्याच भिंती एवढ्यावरच कोरड्या होतात.

जमिनीतलं पाणी मात्र वेगळा विषय आहे आणि तिथे अर्धवट काम चालत नाही. पाण्याच्या पातळीच्या खाली प्रत्येक एक मीटरला, प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब येतो. बेसमेंटची लादी, म्हणजे तळाचा काँक्रीट स्लॅब, जर भूजलाच्या ३ मीटर खाली असेल तर प्रत्येक चौरस मीटरला ३ टन दाब खालून वर. १०० चौरस मीटरच्या लादीवर ३०० टन. आणि ३० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला फक्त पाऊण टनाच्या आसपास, त्यामुळे नुसत्या जाड लादीने हे थांबत नाही, तिला भिंती, कॉलम आणि वरच्या बिल्डिंगचं वजन धरून ठेवतं किंवा मग अँकर, म्हणजे लादीला खालच्या जमिनीशी बांधून ठेवणारे रॉड, घालावे लागतात. रिकामं घमेलं पाण्याच्या टाकीत दाबून धरलं की हातावर जो जोर येतो ना, तसंच. म्हणूनच बांधकाम चालू असताना खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप कधी बंद करायचे हे कॉन्ट्रॅक्टरने ठरवायचं नसतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायचं असतं. वर पुरेसे मजले चढायच्या आधी पंप बंद केले आणि भूजल चढलं तर अख्खं बेसमेंट उचललं जाऊ शकतं, लादी फुगून फुटू शकते.

भिंतीचं पण तसंच. मातीचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे खोली दुप्पट केली की भिंतीवरचा एकूण ढकलणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून ‘अजून चार फूट खाली घेऊया, उंची मस्त मिळेल’ हे साइटवर उभं राहून ठरवायची गोष्ट नव्हे.

पाणी अडवायच्या तीन पद्धती आहेत, ब्रिटनच्या बीएस ८१०२ या स्टँडर्डमध्ये त्या टाइप ए, बी आणि सी अशा मांडल्यात आणि समजायला सोप्या आहेत. ए म्हणजे भिंतीला वॉटरप्रूफ थर लावणं, शक्यतो बाहेरून, म्हणजे पाण्याच्या दाबाने तो थर भिंतीवर दाबला जातो. आतून लावलेला थर पाणी ढकलून पाडायला बघतं, म्हणून आतून लावायचं तर त्या कामासाठीच बनवलेलं मटेरियल लागतं, साधा वॉटरप्रूफ रंग पोपडे धरून पडतोच. बी म्हणजे काँक्रीटच इतकं दाट आणि नीट ओतायचं की तेच पाणी अडवेल. आणि सी म्हणजे पाणी थोडं येणार हे मान्य करून भिंतीच्या आत एक पोकळी ठेवायची, पाणी त्यातून खाली नाल्यात, तिथून संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, आणि मग पंपाने बाहेर. जिथे जोखीम मोठी आहे तिथे एकावर अवलंबून राहू नका, दोन पद्धती एकत्र करा.

काँक्रीट मधोमध सहसा गळत नाही. गळतं ते जॉइंटला. आधी लादी ओततात, मग काही दिवसांनी भिंत, त्या दोन्हींच्या मधला जो सांधा आहे तिथे वॉटरस्टॉपची, म्हणजे सांध्यातून पाणी येऊ न देणारी, पट्टी घातली आहे की नाही हे काँक्रीट पडायच्या आधी स्वतः जाऊन बघा, फोटो काढा. पट्टी सळईला नीट बांधलेली पाहिजे, काँक्रीट ओतताना ती आडवी झाली की तिचा काही उपयोग नाही. दुसरी जागा म्हणजे भिंतीतून जाणारे पाइप आणि केबल, आणि तिसरी म्हणजे शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) धरायला घातलेल्या रॉडची भोकं. आणि बाहेरचा थर लावून झाल्यावर त्यावर संरक्षक बोर्ड न लावता दगड-विटांचे तुकडे, डेब्रिज ढकलून भराव केला तर तो थर तिथल्या तिथे फाटतो आणि पुन्हा कधीच हाताशी येत नाही. भरावाच्या दिवशी साइटवर थांबा, खरंच सांगते, हा एक दिवस महत्त्वाचा.

ओल आहे की नुसता घाम

कुबट वास येतोय, भिंत हाताला गार आणि दमट लागतेय, पण पाणी झिरपताना दिसत नाही. अशा वेळी खर्च करायच्या आधी एक सोपी टेस्ट करा. साधारण दीड-दोन फूट चौकोनी प्लॅस्टिक शीट घ्या, भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, कुठे फट नको. एक-दोन दिवसांनी बघा. शीटच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. तुमच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे जी गार भिंतीवर जमतेय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही प्रॉब्लेम आहेत.

वाफेचा प्रॉब्लेम असेल तर लोक पटकन खिडक्या उघडतात आणि दमट हवामानात ते उलटं पडतं. जमिनीखाली तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे बाहेर उकडत असताना बेसमेंटची भिंत गारच असते आणि बाहेरची गरम दमट हवा आत आली की तिच्यातलं पाणी भिंतीवरच उतरतं. तेव्हा खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं मशीन, लावायचं, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघायचं, ५० च्या आसपास आली तर उत्तम. साधा आर्द्रता मीटर आणून ठेवा, अंदाजावर जाऊ नका. बाहेर कोरडी हवा असेल तेव्हा मात्र बिनधास्त उघडा.

भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तो पुसून रंग मारू नका. पाणी काँक्रीटमधून, विटांमधून क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर सुकतं तेव्हा लोणा उरतो, म्हणजे पाणी कुठून येतंय त्याचा नकाशाच तुम्हाला मिळालाय. खडूने त्याची कड आखून तारीख टाका, पावसानंतर ती रेष ओलांडली का बघा.

हवा

बेसमेंटमधली हवा आपोआप बदलत नाही, तिला बदलावं लागतं. गाड्या असतील तर कार्बन मोनॉक्साइड, जो दिसत नाही, वास येत नाही. म्हणून पार्किंगच्या बेसमेंटला एक्झॉस्ट फॅन, ताज्या हवेची वेगळी वाट आणि कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर हवेतच, आणि विजेचं बिल वाचवायला फॅन बंद ठेवत असतील तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडा. गॅस सिलिंडर खाली अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळला तर लादीवर पसरून तिथेच बसतो, वर जायचं नाव घेत नाही, आणि मग लाइटच्या बटणाची ठिणगी पुरते.

रेडॉनबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू लादीच्या भेगांतून वर येतो आणि बंद बेसमेंटमध्ये साचतो. सिगारेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं हे एक प्रमुख कारण मानलं जातं. १९८४ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात अणुवीज प्रकल्पावरच्या एका कर्मचाऱ्यामुळे रेडिएशनचा अलार्म वाजायला लागला, शोध घेतला तर कारण प्रकल्पात नव्हतं, त्याच्या घरात साचलेला रेडॉन होता. जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेत १०० बेकेरेलच्या (हे किरणोत्साराचं माप) खाली ठेवा म्हणते, ते जमत नसेल तर ३०० च्या वर तर नकोच. प्रत्येक जमिनीत तो जास्त असतो असं नाही, पण बेसमेंटमध्ये रोज तासन् तास बसणार असाल तर टेस्ट किट लावून बघा, आणि जास्त निघाला तर घाबरून जायचं कारण नाही, लादीखालून पाइप घेऊन फॅनने ती हवा छपराच्या वर सोडतात, उपाय साधा आहे.

बाहेर पडायची वाट

याबद्दल मला तडजोड मान्य नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंग सेंटरच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले, आणि त्या बेसमेंटला परवानगी होती ती पार्किंग आणि सामानाची. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये बेसमेंटच्या घरांत ११ जण बुडाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोलमध्ये अर्ध-तळघरात राहणारं कुटुंब दार उघडता न आल्याने अडकलं आणि गेलं. तीन वेगवेगळे देश, पण घडलं तेच.

दार का उघडत नाही हे समजून घ्या. ९० सेंटीमीटर रुंद दाराच्या बाहेर फक्त ५० सेंटीमीटर पाणी, म्हणजे गुडघ्याएवढं, साचलं आणि आत अजून कोरडं असलं तर दारावर जवळपास ११० किलोचा जोर असतो. पाणी एक मीटर झालं की ४५० किलो. धडधाकट माणूस पण ते ढकलू शकत नाही. त्यामुळे जिन्यावरून पाणी उतरायला लागलं की सामान वाचवत बसायचं नाही, गाडी काढायला खाली जायचं तर नाहीच, घोट्याएवढं असतानाच वर यायचं. आणि लाइट गेल्यावर बंद पडणारं बायोमेट्रिक लॉक बेसमेंटच्या एकमेव दाराला कधीही लावू नका, आतून हाताने उघडणारं लॉक पाहिजे.

आगीत तर अजून वाईट, कारण धूर वर जातो आणि माणसाची वाट पण वरच असते, दोघं एकाच जिन्यात भेटतात. म्हणून माणसं बसणार असतील तर एकमेकांपासून लांब दोन वाटा लागतात, आणि वरच्या मजल्यांचा जिना सलग खाली बेसमेंटपर्यंत न नेता तळमजल्यावर फायर डोअरने, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराने, तोडायचा, नाहीतर खालचा धूर सरळ वरच्या घरांत. ते फायर डोअर विटा लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर वीट काढून टाका.

मग वापर काय करायचा

पार्किंग, सायकली, पंपरूम, पाण्याची टाकी, सामान, लॉन्ड्री, तिजोरीची खोली, हे सगळं चालतं. आवाजाची कामं तर उत्तम, मातीमुळे आवाज बाहेर जात नाही, म्हणून म्युझिकचा सराव, होम थिएटर, सुतारकामाचं वर्कशॉप, पण वर्कशॉपला धूळ आणि सॉल्व्हंटची वाफ बाहेर काढणारा फॅन आधी लावायचा. ऑफिस, क्लास, जिम यांना पाणी-हवा-वाट तिन्हींत पास झालेलं बेसमेंटच हवं आणि तसा वापर मंजूर प्लॅनमध्ये लिहिलेला हवा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर नको. झोपायची खोली मी पूर्ण मातीतल्या बेसमेंटमध्ये कधीच सुचवत नाही. झोपलेल्या माणसाला पाणी आलेलं कळत नाही.

जनरेटर आणि मेन इलेक्ट्रिक पॅनल खाली ठेवायची पद्धत जगभर आहे आणि तिने मोठे घोटाळे केलेत. २०११ मध्ये फुकुशिमाला त्सुनामीचं पाणी तळघरांत शिरलं आणि तिथले इमर्जन्सी जनरेटर बंद पडले, पुढचं सगळं जगाने बघितलं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये जनरेटर १३ व्या मजल्यावर सुरक्षित होते पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते, ते बुडाले आणि लोकांना हातोहात डिझेल वर न्यावं लागलं. म्हणजे नुसती मशीन वर ठेवून भागत नाही, तिला लागणारी प्रत्येक गोष्ट वर पाहिजे.

सामान ठेवताना लादीवर काही ठेवू नका, रॅक किंवा पॅलेट, आणि भिंतीपासून चार बोटं लांब म्हणजे मागून हवा खेळते. कागद, फोटो, गाद्या, चामडं खाली नको. पुठ्ठ्याचे खोके ओल शोषतात, झाकणाचे प्लॅस्टिक डबे घ्या.

नवीन बांधत असाल तर

माती परीक्षण करताना भूजलाची पातळी पावसाळ्यानंतरची घ्या, कडक उन्हाळ्यात घेतलेला आकडा फसवतो. शेजारच्या बिल्डिंगचा पाया किती खोल आहे ते आधी शोधा, त्याच्या खाली जाणार असाल तर आधाराचं डिझाइन झाल्याशिवाय जेसीबी लावायचा नाही, आणि शेजाऱ्यांच्या भिंतींचे, भेगांचे तारखेसकट फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवा, नंतरची भांडणं वाचतात. खोदलेली माती फुगते, १०० घनमीटर खड्ड्याची सव्वाशे घनमीटर होते, डंपरचा हिशोब तसा धरा आणि ती खड्ड्याच्या काठावर ढीग मारून ठेवू देऊ नका, काठ ढासळतो आणि खाली माणसं असतात.

रॅम्प साधारण ८ ला १ पेक्षा, म्हणजे ८ फूट पुढे गेल्यावर १ फूट उतारापेक्षा, तीव्र नको, वर आणि खाली थोडा भाग निम्म्या उताराचा ठेवा म्हणजे गाडीचं पोट घासत नाही. आणि रॅम्प सुरू होतो तिथे रस्त्यापेक्षा उंच असा उंचवटा कराच, म्हणजे रस्त्यावर तुंबलेलं पाणी आत वळत नाही. त्याच्या पुढे जाळीचा नाला, आणि रॅम्पच्या पायथ्याला अजून एक. बिल्डरला हा उंचवटा नको असतो कारण गाडी चढवायला बरं दिसत नाही, पण पूर येतो तेव्हा तोच वाचवतो.

संपला एक पंप कधीच पुरत नाही. दोन पंप, आलटून पालटून चालणारे, फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की तरंगून चालू होणारं बटण) आपोआप सुरू होणारे, प्रत्येकाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेर गेलेलं पाणी उलटं येऊ न देणारा, आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅकअप, कारण मोठा पाऊस आणि वीज जाणं हे बहुधा एकाच रात्री होतं. बेसमेंटमध्ये टॉयलेट असेल तर ड्रेनेजच्या लाइनलाही असाच व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर मेन लाइन तुंबली की सगळं घाण पाणी तुमच्या कमोडमधून वर येतं.

तयार बेसमेंट बघायला जाणार असाल तर शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. नव्याने रंगवलेली एकच भिंत दिसली तर तिच्याकडे जास्त बघा, खालच्या एक फुटात पोपडे, लोणा, गंजलेले रॅकचे पाय, दाराच्या चौकटीखाली काळपट रेष हे शोधा. भिंतीला मधल्या उंचीवर आडवी भेग आणि भिंत आत फुगलेली असेल तर मातीचा दाब भिंतीला झेपत नाहीये, तिथे इंजिनिअर दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. उभी बारीक भेग बहुतेक वेळा काँक्रीट आकसल्याची असते, ती भरता येते. मग वॉचमनला सांगून संपचं झाकण उघडायला लावा, बादलीने पाणी ओता आणि पंप स्वतःहून सुरू होतो का बघा. दुसरा पंप पण चालू करून दाखवायला सांगा.